डेनिस रिची : युनिक्सचा अबोल शिल्पकार

५ ऑक्टोबर २०११ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले आणि जगभरची वृत्तपत्रे त्यांच्या छायाचित्रांनी भरून गेली. त्यानंतर आठवड्याभरात, १२ ऑक्टोबरला, अमेरिकेतील न्यूजर्सी राज्यात बर्कले हाइट्स येथील घरी डेनिस रिची मृतावस्थेत आढळले. ते एकटेच राहत असत. मुंबई-गोवा महामार्गावर गडब येथे एसटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाच्या मोबाइललाही ज्यांच्या कामाचा आधार आहे, त्यांच्या जाण्याची दखल त्या मानाने थोडीच घेतली गेली.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा. वडील बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान आणि उपयोजित गणित शिकून रिचीही १९६७ मध्ये तेथेच रुजू झाले. ‘मल्टिक्स’ या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून प्रयोगशाळेने १९६९ मध्ये अंग काढून घेतले, तेव्हा केन थॉम्प्सन यांनी अडगळीतल्या पीडीपी-७ संगणकावर नवी प्रणाली रचायला घेतली. रिची त्यांचे साथीदार झाले. हीच युनिक्स.

युनिक्समधील प्रत्येक प्रोग्रॅम उघडलेल्या फाइली नावाने नव्हे, तर लहान अंकांनी ओळखतो. या अंकांना फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. शून्य हा माहिती आत घेण्याचा, एक हा बाहेर देण्याचा. आरंभी, फाइलीत कोठवर लिहून झाले याची खूण प्रत्येक प्रोग्रॅमपाशी स्वतंत्र असे. त्यातून भलताच घोटाळा झाला. फाइलींची यादी आणि संगणकावर काम करणाऱ्यांची यादी, अशा दोन आज्ञा एकत्र लिहून त्यांचे उत्तर एकाच फाइलीत साठवायला सांगितले, की दुसरी यादी पहिलीवरच उमटे आणि पहिली नष्ट होई. एकाच चोपडीत दोन कारकुनांनी आपापली खूण धरून पहिल्याच पानापासून लिहावे, तसा हा प्रकार. अखेर ही खूण प्रोग्रॅमकडून काढून प्रणालीच्या सामाईक कोष्टकात ठेवावी लागली.

‘डुप’ हा सिस्टिम कॉल याच व्यवस्थेवर उभा आहे. १९७३ च्या तिसऱ्या आवृत्तीत तो दिसतो. तो फाइल पुन्हा उघडत नाही; आधीच्या अंकाला जोडअंक देतो आणि दोघांची खूण एकच राहते. नवा अंक नेहमी रिकाम्यांपैकी सर्वांत लहान असतो. त्यामुळे शून्य वापरात असताना एक हा अंक बंद करून डुप केले, की प्रोग्रॅमचे उत्तर थेट फाइलीत किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडणाऱ्या ‘पाइप’मध्ये वळते. प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही नसतो! हवा तो अंक मागता येईल असा ‘डुप-टू’ १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आला.

त्याच वर्षी सिडनीतील परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात रिची यांनी याद्यांचा तो घोटाळा आडपडदा न ठेवता सांगितला. पाइपच्या कल्पनेचे श्रेयही डग मॅकिलरॉय यांना दिले. यशस्वी माणसे आपल्या फजितीची अशी नोंद क्वचितच ठेवतात.

त्यांनी घडवलेल्या ‘सी’ भाषेत १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा नव्याने लिहिला गेला आणि ही प्रणाली एका यंत्राच्या बंधनातून सुटली. ब्रायन कर्निगन यांच्यासह लिहिलेले ‘सी’वरील पुस्तक १९७८ मध्ये निघाले, अभियांत्रिकीच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. १९८३ चे ट्युरिंग पारितोषिक थॉम्प्सन आणि रिची यांना मिळून देण्यात आले. २००७ मध्ये ते निवृत्त झाले.

हार्वर्डची डॉक्टरेट मात्र त्यांच्या नावापुढे कधीच लागली नाही. १९६८ मध्ये प्रबंध पूर्ण होऊनही त्याची बांधीव प्रत त्यांनी विद्यापीठाला सादरच केली नव्हती. कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने तो प्रबंध २०२० मध्ये सर्वांसाठी खुला केला.