विश्लेषण : जबड्याला दिवे लावणारे सर नॉर्मन बेनेट कोण होते?

कानाजवळ जबडा कट्ट वाजतो, तोंड पूर्ण उघडत नाही, अशी तक्रार घेऊन पेण-रोह्याचा रुग्ण पनवेल किंवा मुंबईला गेला, तर संगणकावर जबड्याचा आलेख काढण्याची महागडी चाचणी त्याला सुचवली जाऊ शकते. ती करावी का? याचे उत्तर शोधताना शंभरहून अधिक वर्षे मागे, लंडनच्या एका दंतवैद्यापर्यंत जावे लागते.

नॉर्मन गॉडफ्रे बेनेट यांचा जन्म १८७० चा. केंब्रिजला शिकून ते दंतशल्यचिकित्सक झाले. कवळी बनवणाऱ्यांपुढे तेव्हा एक अडचण होती. साच्यावर चपखल बसलेली कवळी घास चावताना हलायची. जबडा दाराच्या बिजागरीसारखा फिरतो, असे धरून बनवलेली साधी यंत्रे तिथे कमी पडत.

बेनेट यांनी प्रयोगासाठी स्वतःचाच जबडा घेतला. एक छोटा विजेचा दिवा कानाजवळच्या सांध्यापाशी, दुसरा हनुवटीपाशी. जबडा हलला की दिवेही हलत. भिंगातून पडद्यावर पडणारे त्यांचे ठिपके टिपून घेतले जात. इलेक्ट्रॉनिक्सचा तेव्हा पत्ताही नव्हता, तरी कल्पना आजचीच!

१९०८ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. जबडा एका ठरावीक बिंदूभोवती फिरत नाही, तो बिंदू सतत सरकतो. शिवाय भाकरीचा घास एका बाजूने चावताना जबडा त्या बाजूला किंचित सरकतो. दंतवैद्यकाचे विद्यार्थी आजही ही बेनेट हालचाल शिकतात. बाल्कविल यांनी १८६६ मध्येच असे काही नोंदवले होते, पण नाव रूढ झाले ते बेनेट यांचे. १९३० मध्ये ते सर झाले, १९४७ मध्ये वारले.

दिव्यांची जागा पुढे विद्युत उपकरणांनी घेतली. १९४९ मध्ये मॉयर्स यांनी जबड्याच्या स्नायूंतील विद्युत संकेत मोजले. १९७५ मध्ये सिएटलच्या जँकेलसन यांनी खालच्या दातांना चुंबक चिकटवून हालचालीचा आलेख काढणारे यंत्र मांडले. चाव्याचा दाब दाखवणाऱ्या पट्ट्या १९८० च्या दशकातल्या.

आलेख सुबक येतो, यात वाद नाही. वाद पुढचा आहे. निरोगी जबडेही परस्परांपेक्षा वेगळे हलतात; बेनेट यांनी तर एकच जबडा मोजला होता. अमेरिकेतील दंत संशोधक संघटनेने २०१० मध्ये स्पष्ट केले, की ही उपकरणे निरोगी आणि आजारी यांतला फरक पुरेशा खात्रीने दाखवत नाहीत. निदान व्हावे ते रुग्णाची माहिती, हाताने तपासणी आणि गरज असेल तरच एक्स-रे किंवा एमआरआय यांवरून. बहुतेकांना मऊ आहार, शेक, व्यायाम यांनी आराम पडतो.

केवळ आलेख पाहून दात घासून चावा जुळवण्याचा सल्ला मिळाला, तर आधी मुंबईतील नायर किंवा शासकीय दंत महाविद्यालयात दुसरे मत घेता येते.