एका हाताचा बेल्ट

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण तो घरी आईबाबांना वाचून दाखवायचाय.

झालं असं, की गेल्या दिवाळीत आम्ही गाडीने गावाला निघालो होतो. आईबाबा पुढे, मी मागे. पुढच्या दोघांचे बेल्ट लावलेले. मागची बकलं मात्र बसताना टोचतात म्हणून मीच सीट कव्हरखाली दाबून टाकली होती. रस्त्यात म्हैस आडवी आली, बाबांनी करकचून ब्रेक मारला. ते दोघे जागच्या जागी आणि माझं तोंड पुढच्या सीटवर! ओठाला तीन टाके पडले. शाळेत 'इनर्शिया' पाठ केला होता, त्याला मराठीत जडत्व म्हणतात हे त्या दिवशी चांगलंच कळलं.

टाके निघेपर्यंत धड बोलता येईना, म्हणून वाचत बसले. तेव्हा नील्स बोलिन हे नाव पहिल्यांदा भेटलं. मेकॅनिकलला असूनही मला हा माणूस माहीत नव्हता, याची लाज वाटली.

बोलिन यांचा जन्म १९२० चा, स्वीडनमधला. १९३९ मध्ये त्यांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला (डिप्लोमावाल्यांनो, कॉलर टाईट करा!) आणि पुढे 'साब' कंपनीत विमानाच्या कामाला लागले. तिथे त्यांचं काम इजेक्शन सीटचं, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीचं. १९५८ मध्ये 'व्होल्वो'चे प्रमुख गुन्नार एंगेलाऊ यांनी त्यांना आपल्याकडे आणलं. एंगेलाऊ यांचे एक नातेवाईक मोटार अपघातात गेले होते. आता काम एकदम उलटं झालं, माणसाला बाहेर फेकायचं नाही, आत धरून ठेवायचं.

बेल्ट तेव्हाही होते, पण बहुतेक नुसते कमरेचे. बकल पोटावर यायचं. धडक बसली की वरचं अंग पुढे फेकलं जायचं आणि पोटातल्या अवयवांना इजा व्हायची. बोलिन यांना माहीत होतं की वैमानिक जिवासाठी कितीही पट्टे बांधून घेतो, पण गाडीतला माणूस आळशी. त्याला एक मिनिटाचाही त्रास नको. म्हणून त्यांनी एकच पट्टा छातीवरून तिरपा आणि कमरेवरून आडवा नेला. दोन्ही भाग सीटच्या बाजूला, खाली एकाच ठिकाणी अडकतात, त्यामुळे धक्क्यात पट्टा सरकत नाही. जोर पोटावर न येता छातीचा पिंजरा आणि कमरेची हाडं यांच्यावर वाटला जातो. आणि सगळं एका हाताने लागतं!

१९५९ पासून व्होल्वोच्या गाड्यांत हा बेल्ट आला. कंपनीने पेटंट घेतलं, पण ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुठल्याही कंपनीने हा बेल्ट फुकट वापरावा! तरी लोक लगेच पटले असं नाही. १९६७ मध्ये बोलिन यांनी स्वीडनमधल्या २८,००० अपघातांचा अभ्यास मांडला. बेल्ट न लावणारे कमी वेगातही दगावले होते. बेल्टवाल्यांत मात्र ताशी सुमारे ९६ किलोमीटरच्या खाली एकही मृत्यू नव्हता.

आता होस्टेलवर कुणीतरी म्हणेलच, एअरबॅग असताना बेल्ट कशाला? अरे, स्टिअरिंगवरच्या 'एसआरएस' मधला पहिला एस म्हणजे सप्लिमेंटल, पूरक! एअरबॅग सेकंदाच्या साधारण तीन शतांश भागात फुगते. बेल्ट नसेल तर आपण तोवर पुढे सरकलेले असतो आणि उघडणारी पिशवीच आपल्याला ठोसा मारते. बेल्ट आपल्याला योग्य अंतरावर धरून ठेवतो, मगच ती पिशवी डोक्याला आणि छातीला उशीसारखी उपयोगी पडते.

बोलिन १९८५ मध्ये निवृत्त झाले आणि २१ सप्टेंबर २००२ ला गेले. त्यांच्या बेल्टने वाचलेल्या बहुतेकांना त्यांचं नावही माहीत नसेल. मी त्यातलीच एक होते. पुढच्या सीटवर बसताना कितीतरी वेळा तो बेल्ट मी नुसता पोलीस दिसले म्हणून लावला होता.

आपल्याकडे मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे, नाही लावला तर हजार रुपये दंड. पण दंडाचं सोडा. त्या माणसाने माझ्यासारख्या आळशी मुलीचा विचार करून हे डिझाईन केलं. त्याचं काम १९५९ मध्येच झालं, एका हाताचं काम तेवढं आपल्याकडे राहिलं.

सुट्टीत सीट कव्हर उचकटून मी दोन्ही बकलं बाहेर काढली. बाबा म्हणाले, कव्हर फाटलं. म्हटलं, फाटू दे, त्याला टाके घालता येतात. माझ्या ओठावरची खूण मात्र जाणार नाही. तुम्ही तरी खूण पडायची वाट बघू नका!