माजघरातला खजिना

जुन्या वस्तूंचा संग्रह हा संस्थानिकांचा शौक, असा आपला समज. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) चष्म्यांच्या दुकानात बसणारे, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे मध्यमवर्गीय गृहस्थ. ऐन पंचविशीत, १९२०च्या सुमारास त्यांना हा नाद लागला. खिसा बेताचाच. म्हणूनच की काय, त्यांची नजर माजघराकडे वळली. समया, लामणदिवे, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्र्या, पडक्या वाड्यांची कोरीव दारे. मोडीत किंवा चुलीत जाणारा हा ऐवज! मोठी रक्कम हाती असती तर तेही तलवारी-तसबिरींच्या मागे लागले असते, आणि आपल्या आज्यांचा संसार आपल्याला दिसलाच नसता, असे मला वाटते. त्या संग्रहालयात मी नेहमी रेंगाळतो तो अडकित्त्यांपुढे. सुपारी कातरायची ती काय, पण स्त्री-पुरुषांच्या आकृती घडवून!

पत्नी कमलाबाईंची या खटाटोपात साथ होती. त्यांचा मुलगा राजा बालवयातच गेला. संग्रहाला त्याचे नाव मिळाले. उभ्या आयुष्याची ही हजारो वस्तूंची जमवाजमव केळकरांनी १९७५ साली महाराष्ट्र सरकारला देऊन टाकली. दान म्हणून.