कवींच्या कवितांतील कीट्स

रोममधील प्रॉटेस्टंट दफनभूमीत, सेस्टियसच्या पिरॅमिडनजीक, एक थडगे आहे. त्याच्या शिळेवर मृताचे नाव नाही. आपले नाव पाण्यावर लिहिलेले होते, एवढ्याच आशयाचा मजकूर आपल्या थडग्यावर असावा, अशी जॉन कीट्सची अखेरची इच्छा होती. १८२३ साली शिळा बसविताना जोसेफ सेव्हर्न आणि चार्ल्स ब्राउन या मित्रांनी त्या मजकुराच्या आधी स्वतःची भर घातली. शत्रूंच्या दुष्टाव्याने कवीचे अंतःकरण कडवट झाले आणि त्या कडवटपणातूनच त्याने हे शब्द मागितले, असे त्या भरीतून सूचित होते. ब्राउनला पुढे याचा पश्चात्ताप झाला. परंतु दगडावर कोरलेले पुसता येत नाही. कीट्सवर इतर कवींनी लिहिलेल्या कवितांचा विचार या शिळेपासून सुरू करणे उचित ठरते. कारण त्यांतील पुष्कळशा कवितांनी कीट्सचे स्वतःचे शब्द बाजूस सारून मित्रांची भरच खरी मानली.

कीट्सचा जन्म ३१ ऑक्टोबर १७९५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील टॉमस कीट्स हे मूरगेटजवळच्या एका खाणावळीला जोडलेली घोड्यांची पागा सांभाळीत. १८०४ साली घोड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला; १८१० साली आई क्षयाने गेली. एनफील्ड येथील जॉन क्लार्क यांच्या शाळेत असताना हा ठेंगणा मुलगा प्रथम मारामारीसाठी आणि नंतर वाचनासाठी प्रसिद्ध होता. शाळा सोडण्याच्या सुमारास त्याने ‘ईनिड’चा गद्य अनुवाद हाती घेतला होता, ही गोष्ट पुढील विवेचनात लक्षात ठेवावयास हवी. त्यानंतर एडमंटन येथे शल्यवैद्याच्या हाताखाली उमेदवारी, १८१५ च्या ऑक्टोबरपासून गायज हॉस्पिटलमध्ये शिक्षण, आणि १८१६ च्या जुलैमध्ये औषधी व्यवसायाचा परवाना, असा त्याचा प्रवास झाला. परवाना हाती आला तेव्हा त्याची पहिली कविता ली हंटच्या ‘एक्झॅमिनर’मध्ये प्रसिद्ध होऊन दोन महिने उलटले होते. वैद्यक त्याने लवकरच सोडले. मात्र जे शिकला ते शरीर आणि मरण यांविषयीचे नेमके ज्ञान होते, आणि ते त्याला अखेरपर्यंत सोडून गेले नाही.

कवीने कवीवर कविता लिहावी, हा प्रघात कीट्सने स्वतःही पाळला होता. चॅटर्टनवर त्याचे सुनीत आहे. ‘एंडिमियन’ हे दीर्घकाव्य त्याने चॅटर्टनच्याच स्मृतीस अर्पण केले. १८१८ च्या जानेवारीत हंटच्या घरी मिल्टनच्या केसांची बट पाहून त्याने कविता रचली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ब्राउनसमवेत पायी स्कॉटलंड हिंडताना तो रॉबर्ट बर्न्सच्या जन्मघरी गेला. तेथील राखणदार मद्याच्या अमलाखाली बर्न्सच्या आठवणींचा रतीब घालीत राहिला. त्या वैतागातच कीट्सने एक सुनीत लिहिले. ते त्याला स्वतःलाच हिणकस वाटले. तीर्थस्थळी जाऊन मागणीबरहुकूम येणाऱ्या भावनेत काय खोट असते, हे त्याला त्या झोपडीत उमगले असावे. त्याच्या स्वतःच्या थडग्यापाशी पुढे जी सुनीते लिहिली गेली, त्यांतील किती त्याने पसंत केली असती, हा प्रश्न गंमतीचा असला तरी निरर्थक नाही.

कीट्सवरील कवितांचा आरंभ त्याच्या हयातीतच झाला. १८१८ च्या ‘फोलिएज’ या संग्रहात हंटने त्याला उद्देशून सुनीत छापले आणि त्यात या तरुणाच्या मस्तकी लॉरेलची पाने चढविली. हे कौतुक महागात पडले. हंट राजकीय दृष्ट्या जहाल. त्याचा शिष्य म्हणून कीट्स टोरी नियतकालिकांच्या तावडीत सापडला. १८१८ च्या ऑगस्टमध्ये ‘ब्लॅकवुड्स’ने त्याला लंडनच्या गावंढळ कवींच्या कंपूत ढकलून औषधांच्या दुकानात परत जाण्याचा सल्ला दिला. सप्टेंबरमध्ये ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त क्रोकरचे परीक्षण आले. आपण ‘एंडिमियन’च्या पहिल्या सर्गापलीकडे जाऊ शकलो नाही, अशी कबुली देऊनच क्रोकरने ते काव्य निकालात काढले होते.

येथून पुढचा घटनाक्रम तारखांनिशी पाहणे आवश्यक आहे. कारण सारा गैरसमज त्यातच आहे. परीक्षणांनंतरच्या ऑक्टोबरमध्ये कीट्सने प्रकाशकाला कळविले की, इतरांच्या निंदेपेक्षा आपल्या स्वतःच्या कठोर परीक्षणानेच आपल्याला अधिक यातना होतात. त्या वेळी तो धाकटा भाऊ टॉम याची शुश्रूषा करीत होता. टॉम १ डिसेंबर १८१८ रोजी क्षयाने वारला. कीट्सला याच खोलीत संसर्ग झाला असणे संभवनीय आहे. यानंतरच्या दहा महिन्यांत त्याने ‘द ईव्ह ऑफ सेंट ॲग्नेस’, ‘ला बेल दाम सां मेर्सी’, वसंतातील उद्देशिका आणि १९ सप्टेंबर १८१९ रोजी विंचेस्टर येथे ‘टू ऑटम’ लिहिली. परीक्षणांनी त्याचा घात केला असे मानावयाचे, तर इंग्रजी काव्यातील ही संपदा एका मृत माणसाने लिहिली असे म्हणावे लागेल. फॅनी ब्रॉन हिच्यावरील प्रेमाचाही काळ हाच.

३ फेब्रुवारी १८२० च्या रात्री हॅम्पस्टेड येथे त्याच्या चादरीवर रक्ताचा थेंब पडला. त्याने दिवा मागवून तो निरखला आणि तो रोहिणीतील रक्ताचा आहे, म्हणजेच आपला मृत्युलेख आहे, असे ब्राउनला शांतपणे सांगितले. गायज हॉस्पिटलमधील विद्येचा हा शेवटचा उपयोग. सप्टेंबरमध्ये तो सेव्हर्नसह जहाजाने इटलीस निघाला. नेपल्सच्या बंदरात दहा दिवस विलगवासात काढून तो नोव्हेंबरच्या मध्यास रोमला पोहोचला. डॉक्टर जेम्स क्लार्क याने त्या काळच्या समजुतीप्रमाणे रक्त काढले आणि जवळजवळ उपाशी ठेवले. २३ फेब्रुवारी १८२१ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कीट्स मरण पावला. शवविच्छेदनात फुप्फुसे जवळपास नाहीशी झालेली आढळली.

शेलीला हे वृत्त एप्रिलमध्ये पिसा येथे कळले. दोघांची ओळख हंटकडे झाली होती, परंतु ती स्नेहापर्यंत पोहोचली नाही. कीट्स या उमराव कवीपासून जपून अंतर राखीत असे. १८२० साली शेलीने त्याला आपल्याकडे येण्याचे निमंत्रण दिले, तेव्हा आभार मानता मानता कीट्सने त्याला औदार्य थोडे आवरून कलावंत म्हणून अधिक दक्ष राहण्याचा सल्ला दिला होता. अशा दूरच्या परिचितासाठी शेलीने जूनमध्ये ‘ॲडोनेस’ ही पंचावन्न कडव्यांची विलापिका रचली आणि जुलैत ती पिसातच छापून घेतली. बायॉनचा ॲडोनिसविषयीचा विलाप आणि मॉस्कसच्या नावाने ओळखला जाणारा बायॉनविषयीचा विलाप हे तिचे ग्रीक आदर्श होत. कोवळ्या वयात रानडुकराने मारलेला ॲडोनिस म्हणजे कीट्स, आणि रानडुक्कर म्हणजे ‘क्वार्टर्ली’चा अनामिक परीक्षक, अशी ही योजना आहे. प्रस्तावनेत तर परीक्षणामुळेच कवीची रक्तवाहिनी फुटली, असे शेलीने स्पष्टपणे लिहिले. परीक्षण आणि रक्तस्राव यांमधील सुमारे सतरा महिन्यांचे अंतर या योजनेत बसत नव्हते. ते गळून गेले.

‘ॲडोनेस’ ही विलापिका म्हणून श्रेष्ठ आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मृताला निसर्गात आणि निसर्गातून अविनाशी तेजात विलीन करणारा तिचा उत्तरार्ध इंग्रजी भाषेतील उत्तुंग काव्यांपैकी आहे. प्रश्न आहे तो तिच्यातील कीट्सचा. शाळेत मुठी आवळून भिडणारा, शेकडो मैल डोंगर तुडविणारा, मरणाचे निदान स्वतः करणारा हा तरुण तिच्यात कोमेजलेले नाजूक फूल झाला. शोक करणाऱ्यांच्या मिरवणुकीत शेलीने बायरनला मानाचे स्थान दिले. प्रत्यक्षात बायरनने पत्रांतून कीट्सच्या कवितेची अश्लाघ्य टवाळी केली होती. त्याच मिरवणुकीत एक एकाकी, जखमी आकृती येते. ती शेलीची स्वतःची. परीक्षकांनी छळलेल्या शेलीने आपलेच दुःख कीट्सच्या कलेवरावर पांघरले, असे म्हटल्यास ते फारसे अन्यायाचे होणार नाही. नियतीने मात्र या काव्याला विलक्षण पुरवणी जोडली. ८ जुलै १८२२ रोजी शेली समुद्रात बुडाला. त्याचा देह सापडला तेव्हा त्याच्या खिशात कीट्सचा काव्यसंग्रह होता. त्याची रक्षाही रोमच्या त्याच दफनभूमीत आहे.

बायरनने १८२३ साली ‘डॉन जुआन’च्या अकराव्या सर्गात हीच दंतकथा उचलली आणि एका लेखाने माणसाचा प्राण विझावा याचे अर्धवट उपहासाने नवल केले. शेलीची करुणा आणि बायरनची थट्टा दोन्ही एकाच असत्यावर उभ्या होत्या. आणि थट्टा लक्षात ठेवावयास सोपी असल्याने ती अधिक पसरली. आजही वर्गात कीट्सचा विषय निघाला की विद्यार्थ्यांना परीक्षण प्रथम आठवते आणि क्षय नंतर, याचे मूळ या दोन काव्यांत आहे.

जॉन क्लेअरचे सुनीत याहून वेगळ्या कुळातले. शेतमजूर क्लेअर आणि कीट्स यांचा प्रकाशक एकच होता. दोघे कधी भेटले नाहीत, प्रकाशक टेलर एकाचे मत दुसऱ्याला कळवीत असे. क्लेअरच्या कवितेत वर्णन भावनेवर मात करते असे कीट्सला वाटे. क्लेअरला कीट्सच्या रानातील ग्रीक देवतांची गर्दी खटके. तरीही १८२१ च्या ‘द व्हिलेज मिन्स्ट्रल’मध्ये क्लेअरने त्याच्या स्मृतीस सुनीत वाहिले.

मिल्न्सने १८४८ साली कीट्सचे चरित्र व पत्रे प्रसिद्ध केली आणि कवीची दुसरी पिढी त्याच्याकडे वळली. अठरा वर्षांच्या क्रिस्टिना रोझेटीने १८४९ च्या जानेवारीत, सेंट ॲग्नेसच्या पर्वकाळी, त्याच्यावर सुनीत लिहिले. ते तिच्या मृत्यूनंतर १८९६ साली छापले गेले. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगने ‘ऑरोरा ली’त त्याच्या अकाली परिपक्वतेचे आश्चर्य गायिले. लाँगफेलोने आणि दांते गॅब्रिएल रोझेटीनेही सुनीते लिहिली. या साऱ्यांत रॉबर्ट ब्राउनिंगची १८५५ मधील ‘पॉप्युलॅरिटी’ ही निराळी ठरते. समुद्रातून जांभळ्या रंगाचा शंख प्रथम वर काढणारा उपाशी राहतो आणि त्या रंगाने कापड रंगविणारे मेजवान्या झोडतात, अशी तिची कल्पना. कवितेच्या शेवटी कीट्सच्या ताटात काय पडले याची विचारणा होते. येथे प्रथमच कीट्स फूल नसून श्रम करणारा कारागीर आहे.

ऑस्कर वाइल्डने १८७७ साली थडग्यापाशी लोटांगण घालून त्याला हुतात्मा सेंट सेबॅस्टियनच्या रांगेत बसविले; बर्न्सच्या झोपडीची आठवण येथे अपरिहार्य आहे. वाइल्डची दुसरी कविता मात्र खरी धगधगते. फॅनीला लिहिलेली पत्रे १८७८ साली छापली गेली आणि १८८५ च्या मार्चमध्ये त्यांचा लिलाव झाला. ख्रिस्ताच्या वस्त्रांसाठी फासे टाकणाऱ्या शिपायांशी वाइल्डने बोली लावणाऱ्यांची तुलना केली. मृत कवीच्या खाजगी आयुष्यावर कोणाचा हक्क, हा प्रश्न त्याने विचारला. तो कवींनाही लागू पडतो, हे त्याच्या ध्यानात आले नसावे.

येट्सच्या ‘इगो डॉमिनस टुअस’ या १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या संवादात कीट्स मिठाईच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभा असलेला शाळकरी पोर होतो: गरीब, आजारी, अशिक्षित, पागेवाल्याचा मुलगा. प्रतिमा अविस्मरणीय आहे आणि तिच्यात ‘ब्लॅकवुड्स’चा वर्गीय तुच्छभाव सहज ओळखू येतो. ‘ईनिड’ अनुवादणारा मुलगा अशिक्षित नव्हता. आणि त्याचे दारिद्र्यही अंशतः आजोबांच्या मालमत्तेचा पैसा न्यायालयात अडकून पडल्याचा परिणाम होते. हार्डीने नेमके उलट केले. १९२० च्या सप्टेंबरात लिहिलेल्या कवितेत काळ त्याला लुलवर्थच्या किनाऱ्यावर शंभर वर्षांपूर्वी उतरलेला एक सामान्य दिसणारा तरुण दाखवितो. हा तरुण रोमला मरावयास निघाला आहे आणि पुढे जग त्याच्या मागे जाणार आहे, हे सांगितल्याखेरीज पाहणाऱ्याला कळत नाही. हुतात्मा नाही, फूल नाही. शेजारून जाणारा एक मनुष्य.

विसाव्या शतकातील पुढच्या कवितांनी हीच वाट रुंद केली. हार्लेममधील कृष्णवर्णीय कवी काउंटी कलन याने १९२५ च्या संग्रहात वसंतऋतूत कीट्सला साद घातली. ज्याच्या कुळाला कमी लेखले गेले, त्याला आपला म्हणणारा हा आवाज येट्सच्या कवितेशेजारी ठेवून वाचावा. टोनी हॅरिसनने १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या कवितेत एका आंबटगोड फळाच्या निमित्ताने त्याच्याशी बोलणे केले. आणि गॉलवे किनेलच्या ‘ओटमील’ या कवितेत, जणू ब्राउनिंगच्या प्रश्नाला उत्तर म्हणून, कीट्स न्याहारीला लापशी खात बसलेला दिसतो. नाइटिंगेलवरील उद्देशिका लिहिताना कडवी जुळवताना झालेली तारांबळ तो तेथे सांगतो. ही कल्पना अगदीच निराधार नाही. १८१९ च्या वसंतात एका सकाळी कीट्स झाडाखालून घरात आला आणि हातातील चार-पाच चिटोरी त्याने मुकाट्याने पुस्तकांच्या मागे सारली. ब्राउनने ती बाहेर काढली, आणि अक्षर लागत नसल्याने दोघांनी मिळून कडव्यांचा क्रम लावला.