थॉमस यंग : शरीरातली स्थितिस्थापकता ओळखणारे डॉक्टर



पाठ वाचायला सुरुवात करण्याआधी एक छोटं काम करा. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटं हलकेच टेकवा. नाडी लागली? आता सांगा, बोटाखाली जे उडतंय ते नेमकं काय आहे? वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक जण सांगतात, हृदयातून निघालेलं रक्त तिथं येऊन धडकतंय. पण महाधमनीत रक्त सरासरी सेकंदाला २०-३० सेंटिमीटर एवढ्याच वेगानं पुढं सरकतं. नाडीचा ठोका मात्र सेकंदाला ५ ते १० मीटर वेगानं धावतो. म्हणजे तुमच्या बोटाला लागतं ते नुकतंच हृदयातून निघालेलं रक्त नव्हे. ती धमनीच्या लवचीक भिंतीवरून आलेली एक लाट आहे.

ही गोष्ट गणितानं मांडून दाखवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांमध्ये एक इंग्रज डॉक्टर होते. त्यांचं नाव तुम्ही अकरावीच्या भौतिकशास्त्रात वाचलं असेल, नाहीतर पुढं वाचालच. 'यंगचा गुणांक' ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते थॉमस यंग. हे यंग पेशानं डॉक्टर होते हे मात्र आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. चला तर मग, आज त्यांची ओळख करून घेऊ.

बालपण आणि शिक्षण

थॉमस यंग यांचा जन्म १३ जून १७७३ रोजी इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या मिल्व्हर्टन या गावी झाला. घर क्वेकर पंथाचं, साध्या राहणीचं. दहा भावंडांत थॉमस सगळ्यांत थोरला. दोन वर्षांचा असताना तो वाचू लागला होता असं सांगतात. चौदाव्या वर्षापर्यंत ग्रीक आणि लॅटिनबरोबर आणखी कितीतरी भाषांशी त्याची ओळख झाली होती.

पुढं त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिक्षण सुरू झालं, मग एडिनबरो, मग जर्मनीतलं ग्योटिंगेन. तिथं १७९६ मध्ये त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. त्यानंतर ते केंब्रिजलाही शिकले. नात्यातले एक वडीलधारे डॉक्टर, रिचर्ड ब्रॉकल्सबी, १७९७ मध्ये वारले. त्यांनी लंडनमधलं घर, ग्रंथसंग्रह आणि १० हजार पौंड यंग यांच्या नावे ठेवले. त्यामुळे पोटापाण्याची चिंता मिटली आणि मनासारखा अभ्यास करायची मोकळीक मिळाली.

डोळ्याचं कोडं

आता आणखी एक प्रयोग. एक डोळा मिटा. बोट डोळ्यासमोर वीतभर अंतरावर धरा आणि त्याच्याकडे पाहा. मग बोट तिथंच ठेवून खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहा. बोट स्पष्ट दिसतं तेव्हा झाड पुसट, आणि झाड स्पष्ट तेव्हा बोट पुसट. म्हणजे डोळ्याच्या आत काहीतरी बदलतंय. पण काय?

यंग विद्यार्थिदशेत होते तेव्हा याचं पक्कं उत्तर कोणापाशी नव्हतं. कोणी म्हणे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, फुगतो. कोणी म्हणे अख्खा डोळाच लांब होतो. यंग यांनी बैलाच्या डोळ्याचं विच्छेदन केलं आणि १७९३ मध्ये रॉयल सोसायटीपुढं आपलं मत मांडलं : आतलं भिंगच आपला आकार बदलतं. पुढच्याच वर्षी, जेमतेम एकविसाव्या वर्षी, त्यांना त्या संस्थेचं सदस्यत्व मिळालं.

पण गोष्ट इथं संपत नाही. एव्हरार्ड होम आणि उपकरणं बनवणारे जेसी रॅम्सडेन यांनी प्रयोग करून बदल कॉर्नियात होतो असा निष्कर्ष काढला. यंग यांनी आपलं मत चक्क मागं घेतलं. विचार करा, ज्या कामामुळे एवढा मान मिळाला तेच चुकलं असावं असं मान्य करायचं! मात्र त्यांनी विषय सोडला नाही. काही वर्षांनी ते पुन्हा त्याच प्रश्नाकडे वळले, आणि या वेळी प्रयोगाला घेतला तो स्वतःचाच डोळा.

कॉर्निया निकामी करायचा कसा? त्यांनी डोळ्याला पाणी भरलेली भिंगाची नळी लावली. डोळ्यासमोर पाणी आलं की कॉर्नियाची किरण वळवण्याची ताकद जवळजवळ नाहीशी होते. तरीही जवळचं-लांबचं पाहण्याची त्यांची क्षमता शाबूत राहिली. मग डोळ्याची लांबी बदलते का हे पाहायला त्यांनी डोळा नाकाकडे वळवला आणि बाहेरच्या बाजूनं किल्लीची कडी दाबून धरली, म्हणजे डोळ्याला लांब व्हायला जागाच उरू नये. (हा प्रयोग कोणीही घरी करायचा नाही!) तरीही क्षमता कायम. शिवाय मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ज्यांचं भिंग काढलं होतं अशा लोकांनाही त्यांनी तपासलं. त्यांच्यात ही क्षमता नव्हती. आता शंका उरली नाही. १८०१ मध्ये हा निबंध छापून आला. त्याच निबंधात त्यांनी स्वतःच्या डोळ्यातला एक दोषही मोजून नोंदवला. आज चष्म्याच्या चिठ्ठीवर 'सिलिंडर नंबर' लिहितात ना, तोच तो दोष.

एक गोष्ट मात्र यंग यांची चुकली. भिंग म्हणजे स्नायूच आहे असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात भिंगाभोवती बारीक तंतू असतात आणि ते त्याला ताणून चपटं ठेवतात. जवळचं पाहताना डोळ्यातला एक स्नायू आकुंचन पावतो, तंतू सैल पडतात आणि भिंग स्वतःच्या स्थितिस्थापकतेनं फुगीर होतं. वय वाढतं तसं भिंग ताठर होत जातं. तंतू सैल सोडले तरी ते पुरेसं फुगत नाही. मग आई पेपर लांब धरून वाचू लागते आणि घरात म्हणतात, चाळिशी लागली. चाळिशी म्हणजे काय, तर भिंगाची हरवलेली स्थितिस्थापकता.

तार, खांब आणि मांडीचं हाड

१८०१ मध्ये यंग लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. दोनच वर्षांत, डॉक्टरकीला वेळ मिळेना म्हणून, त्यांनी ती नोकरी सोडली. त्यांची व्याख्यानं ऐकणाऱ्यांना जड जायची. पण तीच १८०७ मध्ये दोन मोठ्या खंडांत छापली गेली आणि त्यातच स्थितिस्थापकतेच्या गुणांकाची कल्पना आहे.

तार ताणली तर ती भाराच्या प्रमाणात लांबते, हे रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्येच सांगितलं होतं. पण जाड तार कमी ताणते, बारीक तार जास्त ताणते. आखूड तार कमी, लांब तार जास्त. मग त्यातला पदार्थाचा स्वतःचा गुण कोणता? तो वेगळा काढणारी संख्या म्हणजे गुणांक. अशा कल्पनेची चाहूल यंग यांच्याआधी ऑयलर आणि रिक्काती यांच्या कामातही दिसते, आणि यंग यांची व्याख्याही आपल्या पुस्तकातल्यासारखी सुटसुटीत नव्हती. आज आपण ती अशी लिहितो :

यंगचा गुणांक = प्रतिबल ÷ विकृती

प्रतिबल म्हणजे एकक क्षेत्रफळावरचं बल, आणि विकृती म्हणजे मूळ लांबीच्या मानानं लांबीत झालेला बदल. हेच सूत्र आपण स्वतःच्या मांडीच्या हाडाला लावून पाहू. समजा तुमचं वजन ६० किलो आहे आणि तुम्ही एका पायावर उभे आहात. म्हणजे हाडावर साधारण ६०० न्यूटन बल आलं. हाडाच्या भरीव भागाचं क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर धरू. प्रतिबल आलं २० लाख पास्कल, म्हणजे २ मेगापास्कल. हाडाचा यंगचा गुणांक सुमारे १७,००० मेगापास्कल असतो. दोन्हींचा भागाकार करून ४० सेंटिमीटर लांबीनं गुणा. हाड दबलं किती? अवघं ०.०५ मिलिमीटर! वहीच्या पानाच्या जाडीच्या साधारण निम्मं.

असं हाड चिरडायला सुमारे १७० मेगापास्कल प्रतिबल लागतं, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या बलाच्या जवळपास ८५ पट. मग हाडं मोडतात कशी? एक तर धावताना, उडी मारताना स्नायूंच्या ओढीमुळे हाडावर वजनाच्या कितीतरी पट बल येतं. दुसरं म्हणजे पडताना हाड नुसतं दाबलं जात नाही. ते वाकतं, पिळवटतं. ताण सहन करण्यात हाड दाबापेक्षा कच्चं आहे आणि पिळवटणं तर त्याला त्याहून सोसत नाही.

इथं एक फरक नीट लक्षात घ्या. ताठरपणा वेगळा आणि मजबुती वेगळी. किती बलानं किती आकार बदलतो ते गुणांक सांगतो. तुटतं कधी ते गुणांक सांगत नाही. परीक्षेत इथंच गुण जातात.

धमनी : दमदार, कारण लवचीक

हाड ताठर असणं गरजेचं, पण धमनीचं उलट आहे. १८०८ मध्ये यंग यांनी हृदय आणि धमन्यांच्या कार्यावर रॉयल सोसायटीत व्याख्यान दिलं. त्यांनी धमनीला एक लवचीक नळी मानलं आणि तिच्यातून दाबाची लाट कशी जाईल याचं गणित केलं. रक्त पुढं ढकलण्यात धमनीच्या भिंतीतल्या स्नायूंचा वाटा फारसा नाही; काम करते ती भिंतीची स्थितिस्थापकता, असं त्यांनी मांडलं.

हे समजायला सोपं आहे. हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत लोटतं. महाधमनी फुगते. हृदय विसावा घेतं तेव्हा ती पुन्हा आक्रसते आणि साठवलेलं रक्त पुढं सोडते. म्हणून हृदय थांबून थांबून ढकलत असलं तरी रक्ताचा प्रवाह खंडत नाही. तिच्या भिंतीत इलॅस्टिन नावाचं रबरासारखं प्रथिन असतं आणि त्याच्या जोडीला कोलॅजनचे तंतू. कोलॅजन इलॅस्टिनपेक्षा साधारण हजार पट ताठर. थोडं ताणलं तर इलॅस्टिन सांभाळतं, जास्त ताणलं तर कोलॅजन आवर घालतं.

भिंत कडक झाली की काय होतं? लाट जास्त वेगानं धावते, वरचा रक्तदाब वाढतो आणि प्रत्येक ठोक्याला हृदयाला जास्त कष्ट पडतात. आज डॉक्टर नाडीच्या लाटेचा वेग मोजून धमन्या किती कडक झाल्यात याचा अंदाज घेतात. त्या मोजमापाची मुळं यंग यांच्या गणितात आहेत.

शेवटची वर्षं

१८११ पासून अखेरपर्यंत यंग लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात डॉक्टर होते. प्रकाश लहरींच्या रूपात जातो हे दाखवणारे प्रयोग त्यांचेच, आणि रोझेटा शिळेवरची इजिप्शियन लिपी उलगडण्यातही त्यांचा मोठा वाटा. इतक्या विषयांत रमणाऱ्या डॉक्टरवर रोगी भरवसा ठेवणार नाहीत, या धास्तीनं त्यांनी बरंचसं लेखन निनावी छापलं.

१८२९ च्या सुरुवातीपासून त्यांना धाप लागू लागली. अंथरुणावरही ते इजिप्शियन शब्दकोशाचं काम करत होते. लेखणी धरवेना तेव्हा पेन्सिलीनं. १० मे १८२९ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. शवविच्छेदनात आढळलं की त्यांची महाधमनी कडक झाली होती. ज्या नळीच्या लवचीकपणाचं गणित त्यांनी एकवीस वर्षांपूर्वी मांडलं होतं, तीच त्यांच्या शरीरात ताठर होऊन बसली होती.

त्या काळी रक्तदाब मोजायचं साधन डॉक्टरांच्या हाती नव्हतं. आज आपल्याकडे आहे. तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह यांनी धमन्या लवकर कडक होतात, नियमित व्यायामानं त्या जास्त काळ लवचीक राहतात, हेही आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून आजचा गृहपाठ वहीतला नाही. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, शेवटचं बीपी कधी तपासलं होतं? उत्तर आठवत नसेल, तर या आठवड्यात त्यांना घेऊन जवळच्या दवाखान्यात जा. आणि डॉक्टर दंडावर पट्टा गुंडाळतील तेव्हा घरच्यांना थॉमस यंग यांची गोष्ट सांगा.