अंगठ्याखालची फुली

व्हिडिओ गेममधली मारामारी कशाने खेळावी यावरून घरात भांडण होऊ शकते, हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. आमच्याकडे ते होते. मुलगा चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्या मते ठोसा बटणानेच मारायचा असतो. नात दहा वर्षांची. हातात कांडी धरून आपण हवेत ठोसा हाणावा आणि पडद्यावरच्या गड्यानेही तो तसाच हाणावा, याला ती खेळ म्हणते. एक जण सोफ्यावर बसून नुसते अंगठे चालवतो, दुसरी खोलीभर नाचते आणि गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांमधली काचेची भांडी जीव मुठीत धरून बसतात. हा वाद ऐकता ऐकता मी त्याच्या मुळाशी जाऊ लागले, तेव्हा गंमत अशी दिसली की दोन्ही पक्षांचा मूळपुरुष एकच आहे. खेळांच्या दुनियेत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. ते नाव गुन्पेई योकोई.

योकोई 10 सप्टेंबर 1941 रोजी जपानमधल्या क्योटो शहरात जन्मले. तिथल्याच दोशिशा विद्यापीठात त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले आणि 1965 साली गावातल्याच एका कंपनीत ते नोकरीला लागले. कंपनीचे नाव निन्टेंडो. आज हे नाव लहान मुलांच्याही तोंडी असते, पण तेव्हा तिचा धंदा पत्त्यांचा होता. 1889 साली स्थापन झालेली ही कंपनी हानाफुदा नावाचे फुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते बनवत असे. योकोईंचे काम काय, तर पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल. यंत्र बिघडले तर दुरुस्त करायचे, नाहीतर बसून राहायचे. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. अशा जागेवर बसलेली माणसे मी पाहिली आहेत. कोणी त्या रिकाम्या वेळात पेपरातले शब्दकोडे सोडवते, कोणी कादंबरी लिहिते. योकोई खेळणी बनवू लागले.

त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक लांबणारा चिमटा केला होता. आपल्याकडच्या जुन्या इमारतींतल्या लिफ्टला सरकते जाळीचे दार असते ना, फुल्याफुल्यांचे, दाबले की मिटणारे आणि ओढले की पसरणारे, तीच युक्ती. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची कारखान्यात फिरत असताना त्यांच्या नजरेला ते पडले. कामाच्या वेळात खेळत बसल्याबद्दल आता मेमो मिळणार असे कोणालाही वाटले असते. अध्यक्षांनी ते खेळणे बाजारात आणायला सांगितले. 1966 सालचा हा ‘अल्ट्रा हँड’ बारा लाखांहून अधिक खपला आणि देखभाल करणारा तरुण खेळण्यांचा कारागीर झाला.

पुढची दहा-बारा वर्षे योकोईंनी जे केले ते पाहिले की माझी नात त्यांच्याच घराण्यातली वाटू लागते, कारण त्यांचा प्रत्येक खेळ शरीराला कामाला लावणारा होता. 1969 साली त्यांनी ‘लव्ह टेस्टर’ काढला. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातांत यंत्राचे एकेक टोक घ्यायचे आणि अंगातून जाणाऱ्या बारीकशा विजेवरून काटा हलायचा. प्रेम मोजले जात नव्हते हे उघडच आहे, पण हात धरायला निमित्त मिळत होते. मग शार्प कंपनीचे प्रकाशाला प्रतिसाद देणारे सेल वापरून त्यांनी प्रकाशाची बंदूक केली. 1973 साली तर जपानमधल्या ओस पडलेल्या बोलिंगच्या सभागृहांत प्रकाशाच्या नेमबाजीचा मोठा खेळ मांडला. पण त्याच वर्षी तेलाचे संकट आले आणि त्या खेळाची मागणी बसली. परळच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. आपल्याकडे फिनिक्स मिलच्या आवारात, जिथे साचे चालत होते तिथे, पुढे बोलिंग आले. उद्योग मेला की त्याच्या ओसरीवर खेळ येऊन बसतो, हे क्योटोलाही ठाऊक होते.

योकोईंच्या आयुष्याला वळण मिळाले ते आगगाडीत. बुलेट ट्रेनमधून जाताना त्यांना एक कंटाळलेला नोकरदार दिसला. तो वेळ घालवण्यासाठी खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसला होता. त्या काळात जपानी कंपन्यांच्या स्पर्धेमुळे कॅल्क्युलेटर आणि त्यांचे काचेचे पडदे अतिशय स्वस्त झाले होते. आम्ही बँकेत तेच यंत्र व्याज काढायला वापरत होतो. योकोईंना त्यात खेळणे दिसले. पुढे एकदा यामाउचींचा ड्रायव्हर नव्हता म्हणून त्यांची गाडी योकोईंनी चालवली आणि वाटेत ही कल्पना त्यांच्या कानावर घातली. त्यातून 1980 साली ‘गेम अँड वॉच’ निघाले. तळहातावर मावणारा खेळ, शिवाय घड्याळ. मोठ्या माणसाला चारचौघांत खेळायला संकोच वाटतो, म्हणून हात मांडीवर ठेवून, कोणाच्या लक्षात न येता, दोन अंगठ्यांनी खेळता यावे असा त्याचा आकार ठेवला. या मालिकेतली 4 कोटी 34 लाख यंत्रे खपली.

इथेच शरीराला नाचवणारा कारागीर अंगठ्याकडे वळला. 1982 साली ‘डाँकी काँग’ हा खेळ पुस्तकासारख्या मिटणाऱ्या छोट्या यंत्रात बसवायचा होता. आतला गडी चार दिशांना हलायला हवा. मोठ्या यंत्रांवर असतो तसा दांडा लावावा तर झाकण मिटणार नाही, चार सुटी बटणे द्यावीत तर खेळणाऱ्याला पडद्यावरून नजर काढून ती शोधावी लागणार. योकोईंनी चारही दिशा एका अधिकच्या चिन्हात जोडल्या. मधोमध टेकू, एक टोक दाबले की समोरचे वर येते. मग अंगठ्याला न पाहता कळते की आपण कुठे आहोत. नोटा मोजणारा कॅशियर अंगठ्याकडे पाहत नाही. त्याची नजर नोटेवर असते. तसेच हे. ज्या वर्षी जानेवारीत आपल्या लालबाग-परळमधल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लाखो कसबी हात रिकामे झाले, त्याच वर्षी क्योटोत अंगठ्याला हे नवे कसब मिळाले, हा योगायोग मला अस्वस्थ करतो.

1983 साली निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ या घरगुती यंत्राच्या कंट्रोलरवर ही फुली बसली आणि तिथून जगभर गेली. आपल्याकडे ती आली 1990 च्या दशकात, लॅमिंग्टन रोडवर आणि मनीष मार्केटात मिळणाऱ्या नकली यंत्रांच्या पाठीवर बसून. आपण तिला ‘टीव्ही गेम’ म्हणालो. माझ्या मुलाच्या अंगठ्याला तेव्हा जो घट्टा पडला त्याचे कारण योकोई होते, हे मला फार उशिरा कळले.

आता मारामारीकडे वळू. कॅपकॉम कंपनीने 1987 साली ‘स्ट्रीट फायटर’ काढला, तेव्हा त्याच्या मूळ यंत्राला दोन मोठी गादीसारखी बटणे होती. जितक्या जोराने हाणाल तितका पडद्यावरचा ठोसा जबर. कल्पना नातीच्या बाजूची होती. पण लोकांचे हात दुखले, यंत्रे मार खाऊन बिघडू लागली आणि मग सहा साध्या बटणांचे यंत्र आले. तेच टिकले. 1991 च्या ‘स्ट्रीट फायटर 2’ ने ती सहा बटणे घरोघरी पोहोचवली. 1993 साली सेगा कंपनीने जमिनीवर अंथरायचे अष्टकोनी कडे काढले. त्याच्या आत उभे राहून लाथाबुक्क्या मारायच्या, अदृश्य किरण तुटले की गडी मारामारी करणार. तेही चालले नाही. आपल्याकडे मुले पार्लरमध्ये टोकन टाकून ‘मुस्तफा’ खेळत होती, दांडा आणि बटणे बडवत. त्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आहे, हे बहुतेकांना कधी कळलेही नसेल.

अंगाने मारलेला ठोसा हरतो का? कारण मला मुलाने दाखवून दिले. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते. बटण त्यातल्या चार-दोन चित्रांत दाबून होते, हात फेकायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. दुसरे म्हणजे, पडद्यावर प्रतिस्पर्ध्याने ठोसा अडवला तरी खोलीतला आपला हात अडत नाही, तो पुढे जातच राहतो. तालमीतली लाल माती पडणाऱ्या पैलवानाला उत्तर देते. हवा कसलेही उत्तर देत नाही. आणि तिसरे, पडद्यावरचा गडी घराएवढी उडी मारतो, ती माझ्या नातीने कुठून मारावी? फुलीवर अंगठा खालून पुढे, वेलांटी काढावी तसा फिरवला आणि बटण दाबले की गड्याच्या हातून आगीचा गोळा सुटतो. त्यात ठोशाचे सोंग नसते, पण हवा त्या क्षणी तो सुटतो. मारामारीच्या खेळात प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच.

योकोईंचे सर्वात मोठे यश 1989 सालचे ‘गेम बॉय’. रंगीत पडदे उपलब्ध असताना त्यांनी हिरवट, बिनरंगी पडदा निवडला. का, तर तो स्वस्त आणि बॅटरी कमी खाणारा. जे तंत्रज्ञान जुने होऊन सगळ्यांच्या हातात मुरले आहे, त्याचाच वेगळ्या दिशेने विचार करून नवी वस्तू घडवावी, ही त्यांची धारणा होती. प्रतिस्पर्ध्यांची रंगीत यंत्रे बॅटऱ्या गिळत बसली आणि पुढच्या रंगीत आवृत्तीसह ‘गेम बॉय’ 11 कोटी 86 लाखांवर खपले.

मग 1995 साल उजाडले. ‘व्हर्च्युअल बॉय’ हे त्यांचे यंत्र टेबलावर ठेवून त्यात तोंड खुपसून पाहायचे होते. आत काळ्या पार्श्वभूमीवर लाल चित्रे दिसत. खोली दिसे, पण डोके दुखे आणि शेजारी बसलेल्याला काहीच दिसत नसे. ते आठ लाखही खपले नाही आणि वर्षभरात गुंडाळावे लागले. हात धरायला लावणाऱ्या माणसाचे हे यंत्र माणसाला एकटे पाडत होते, हे त्याच्या अपयशातले मला सर्वात बोचणारे. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 1996 मध्ये, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर योकोईंनी कंपनी सोडली. लोकांनी दोनात दोन मिळवून चार केले. योकोईंनी स्वतः मात्र या अपयशामुळे आपण गेलो हे मान्य केले नाही. नोकरीत तीस वर्षांची जमा बाजू एका नावे रकमेपुढे कशी पुसट होते, हे ज्याने मोठ्या संस्थेत दिवस काढले आहेत त्याला सांगायला नको.

त्यांनी स्वतःची छोटी कंपनी काढली आणि बांदाई कंपनीसाठी ‘वंडरस्वान’ या नव्या यंत्राचे काम हाती घेतले. 4 ऑक्टोबर 1997 रोजी इशिकावा प्रांतात महामार्गावर त्यांच्या गाडीचा लहानसा अपघात झाला. ते पाहायला खाली उतरले असताना दुसऱ्या गाडीने त्यांना धडक दिली. वय अवघे छप्पन्न. ‘वंडरस्वान’ 1999 साली बाजारात आले. ते एका साध्या सेलवर चालत असे आणि त्याच्यासोबत आलेल्या एका कोड्याच्या खेळाला योकोईंचेच नाव दिले होते.

2006 साली निन्टेंडोने ‘वी’ नावाचे यंत्र आणले आणि त्यासोबत ती कांडी आली, हालचाल ओळखणारी. तिच्यातला हालचाल मोजणारा भाग नवलाईचा नव्हता. मोटारींतल्या हवेच्या पिशव्या फुगवण्यासाठी तशा वस्तू आधीपासून वापरात होत्या. मुरलेले तंत्र, नवी दिशा. योकोई जाऊन नऊ वर्षे झाली होती, पण विचार त्यांचाच होता. 10 कोटींहून अधिक यंत्रे खपली, कारण ज्यांनी आयुष्यात कधी बटण दाबले नव्हते अशी माणसे सोफ्यावरून उठली. मारामारीत मात्र कांडी जिंकली नाही. 2008 साली ‘वी’वरच आलेल्या ‘स्मॅश ब्रदर्स’ या मारामारीच्या खेळातही तरबेज खेळाडूंनी जुना बटणांचा कंट्रोलरच पसंत केला. कांडीही नसलेला, नुसत्या कॅमेऱ्याने अंग ओळखणारा ‘किनेक्ट’ 2010 साली मोठ्या गाजावाजाने आला आणि 2017 साली त्याचे उत्पादन थांबले.

तेव्हा मुलगा बरोबर आहे. पण त्याच्या बाजूने निकाल देऊन मला थांबता येत नाही. अंगठ्याचे कसब लहानपणी यावे लागते. ज्या पिढीला ते आले नाही, ती पिढी आपल्याच घरात मुलांच्या पाठी पाहत बसते. मला आगीचा गोळा सोडता येत नाही आणि येणारही नाही. कांडीने बोलिंग मात्र येते, आणि त्या अर्ध्या तासात नात मला शिकवते, चिडते, हसते. योकोईंचे गिऱ्हाईक कधीच तरबेज खेळाडू नव्हते. ते होते आगगाडीतला कंटाळलेला माणूस, आणि हात धरायला निमित्त शोधणारी दोन माणसे. पहिल्यासाठी त्यांनी फुली केली, आणि दुसऱ्यांसाठी केलेल्या खेळण्याचे वंशज ही कांडी आहे. ‘वी’ची कांडी कोणाच्या घरात अजून कपाटात पडून असेल तर काढून पाहा. वरच्या बाजूला, बरोबर अंगठा पडतो तिथे, ती छोटी फुली त्यांनी ठेवलेली आहे.