डीट्रिख ब्रांडिस

सर डीट्रिख ब्रांडिस (३१ मार्च १८२४, बॉन – २८ मे १९०७, बॉन) हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक होते. झाडे मोजून मगच तोडीला परवानगी देण्याची पद्धत त्यांनी येथे रुजवली. उष्ण कटिबंधातील वनशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

पूर्वायुष्य

ब्रांडिस यांचे वडील क्रिस्टियान आउगुस्ट ब्रांडिस हे बॉन विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. वडिलांच्या ग्रीसमधील नेमणुकीमुळे डीट्रिख यांच्या बालपणीचा काही काळ अथेन्समध्ये गेला. पुढे बॉन येथेच ते वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. सेरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांची कन्या रेचेल ही त्यांची पत्नी. या नातेसंबंधांतून त्यांचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्यापर्यंत पोहोचले आणि १८५६ मध्ये पेगू (दक्षिण ब्रह्मदेश) येथील सागवनांचे अधीक्षक म्हणून त्यांची नियुक्ती झाली.

ब्रह्मदेशातील कार्य

जहाजबांधणीसाठी सागाला मोठी मागणी होती. शेजारच्या तेनासरीम प्रांतात १८२९ पासून खाजगी व्यापाऱ्यांना तोडीचे परवाने देण्यात आले होते. परंतु तोडीवर पुरेसे नियंत्रण नसल्याने तेथील उत्तम सागवने अल्पावधीत उजाड झाली. पेगूत तसे होऊ नये म्हणून ब्रांडिस यांनी प्रथम झाडांची मोजणी हाती घेतली. ठरावीक मार्गाने जंगलातून जाताना ते घेरानुसार झाडांचे वर्ग पाडत आणि प्रत्येक झाडामागे बांबूच्या काठीवर एक खाच पाडत. सहा फूट किंवा त्याहून अधिक घेराची झाडे पहिल्या वर्गात धरली जात. तोडीने कमी होणाऱ्या मोठ्या झाडांची जागा लहान झाडे किती वर्षांत घेतील, याचा अंदाज बांधून वार्षिक तोडीची मर्यादा ठरवली जाई. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून निवडलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती खोल कडे कोरून ते उभेच वाळवत व नंतर ओंडके नदीतून वाहून नेत. या मर्यादांना लाकूड व्यापाऱ्यांचा सतत विरोध होता.

फिरती शेती करणाऱ्या कारेन लोकांना केवळ मज्जाव न करता ब्रांडिस यांनी त्यांना लागवडीत सामील करून घेतले. भातासोबत सागाचे बी पेरायचे, पीक निघाल्यावर रोपे राखायची आणि जगलेल्या रोपांचा मोबदला घ्यायचा, अशी ही योजना होती. ती ‘टाँग्या’ पद्धत म्हणून पुढे अनेक देशांत पसरली.

वनमहानिरीक्षक

१८६४ मध्ये ते वनमहानिरीक्षक झाले. रेल्वेच्या स्लीपरांसाठी त्या काळी साग, साल व देवदाराची प्रचंड तोड होत होती. त्यांच्या कारकिर्दीत १८६५ आणि १८७८ चे वन कायदे झाले, तसेच १८७८ मध्ये डेहराडून येथे वनशाळा सुरू झाली.

१८७८ च्या कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवने असे तीन वर्ग केले व लाकडाच्या वाहतुकीवर सरकारी नियंत्रण आणले. गावांच्या गरजांसाठी स्वतंत्र ग्रामवने असावीत, असे ब्रांडिस यांचे मत होते. बेडन-पॉवेल प्रभृती अधिकारी मात्र रूढ हक्क शक्य तितके संपुष्टात आणण्याच्या बाजूचे होते. ग्रामवनाचे कलम कायद्यात राहिले, पण प्रत्यक्षात अशी वने फारच थोडी झाली. चराई, सरपण आणि शेतीच्या अवजारांचे लाकूड यांसाठी रयतेला वनखात्याच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागले. पुणे सार्वजनिक सभेने या कायद्यावर आक्षेप घेऊन ग्रामस्थांना विश्वासात घेण्याचा आग्रह धरला. महात्मा जोतीराव फुले यांनीही ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये वनखात्यावर कठोर टीका केली.

उत्तरायुष्य आणि वारसा

१८८३ मध्ये निवृत्त होऊन ते बॉनला परतले. अमेरिकेच्या वनसेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचो यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. भारतातील वृक्षांवरील ‘इंडियन ट्रीज’ हा त्यांचा ग्रंथ १९०६ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध झाला. ‘ब्रांडिसिया’ या वनस्पती-प्रजातीस त्यांचे नाव देण्यात आले आहे.

वनांवरील गावांच्या हक्काचा प्रश्न त्यांच्यानंतरही दीर्घकाळ अनिर्णित राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांना मान्यता दिली. त्यानुसार २०११ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) येथील ग्रामसभेकडे बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक सोपवण्यात आले.